पहिलं इंजेक्शन पेशंटच्या तोंडात नको

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात ऑगमेंटेड रियालिटी, म्हणजे समोरच्या खऱ्या वस्तूवर जास्तीचं चित्र चढवून दाखवायची युक्ती, ज्याला सगळे एआर म्हणतात, ती आता डेंटल शिक्षणात कशी येतेय त्यावर छापून आलं होतं, सोबत चष्मा लावून हवेतला जबडा बघणाऱ्या मुलांचा फोटो पण होता. वाचून बरं वाटलं आणि काळजीही वाटली म्हणून लिहायला बसलो. मी चोपड्याला दातांचा दवाखाना चालवतो. सातपुड्याच्या पाड्यांवरचे पावरा, तडवी लोक येतात, तापीकाठचे केळीवाले शेतकरी येतात, आणि सुट्टीत घरी आलेली बीडीएसची, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीच्या पदवीची, मुलंमुली पण बसायला, बघायला येतात. म्हणजे शिकणारा पण माझ्यासमोर असतो आणि ज्याच्या तोंडावर तो उद्या शिकणार आहे तोही.

मला एवढंच म्हणायचंय की हे एआर आपल्या खान्देशात यायलाच पाहिजे, पण कशासाठी ते आधी ठरवा. शिकाऊ डॉक्टरचा पहिला हात गरीब पेशंटच्या तोंडावर बसतो ही पद्धत आपण वर्षानुवर्षं चालवून घेतोय, ती थांबवायला त्याचा उपयोग होत असेल तर लाख रुपये काय, दहा लाख घाला. फक्त कॉलेजच्या जाहिरातीत चष्मेवाला फोटो छापायला घेणार असाल तर मग राहू द्या, ते पैसे लॅबच्या खुर्च्या दुरुस्त करायला वापरा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो की बीडीएस कसं चालतं. चार वर्षं अभ्यास आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायचे, दुसऱ्या वर्षी फँटम हेडवर काम, म्हणजे टेबलाला बसवलेलं रबरी गालांचं डोकं, त्यात प्लास्टिकचे नाहीतर खरे काढलेले दात बसवायचे आणि एअरोटर, म्हणजे दात पोखरायचं यंत्र, धरायला शिकायचं, आणि तिसऱ्या वर्षी क्लिनिकल पोस्टिंग लागलं की खुर्चीत खरा माणूस. हे फँटम हेड १८९० च्या दशकापासून वापरात आहे, त्यात सुधारणा झाल्या पण मूळ कल्पना तीच. आणि खरे दात कुठून आणायचे? तर मुलं आमच्यासारख्यांचे दवाखाने फिरतात. मध्यंतरी एक मुलगी आली, पिशवीतून जामची रिकामी बरणी काढली, आत हायड्रोजन पेरॉक्साइड, म्हणाली सर खालची मोलर, म्हणजे दाढा, आहेत का, वरचा भाग तुटलेली नको, मुळं अखंड पाहिजेत. मी होते तेवढे दिले. पण आता लोक दात वाचवायला रूट कॅनल करतात, काढलेला दात धड असा क्वचितच असतो, त्यामुळे या मुलांना सरावाला जे मिळतं ते असं मागून, गोळा करून.

बरं, दात पोखरायचा सराव तरी असा तसा होतो. भुलीच्या इंजेक्शनचं काय? खरं घोडं इथेच अडतं आणि यावर कोणी बोलत नाही.

खालची दाढ काढायची असली की खालच्या जबड्याच्या नसेला भूल द्यावी लागते. वरच्या दातासारखं दाताशेजारी इंजेक्शन दिलं की झालं असं खाली चालत नाही, खालचं हाड जाड असतं, औषध आत झिरपत नाही, म्हणून नस हाडात शिरते त्या जागेजवळ जाऊन औषध सोडावं लागतं. ती जागा डोळ्याला दिसत नाही. अंगठा गालाच्या आतून जबड्याच्या उभ्या हाडाच्या खाचेत ठेवायचा, शेजारी एक उभी दोरीसारखी घडी दिसते तिचा अंदाज घ्यायचा, सिरिंज समोरच्या बाजूच्या प्रीमोलरवरून, म्हणजे पुढच्या लहान दाढेवरून, आणायची, सुई साधारण २० ते २५ मिलिमीटर आत गेली की हाड लागलं पाहिजे, लागलं की किंचित मागे घ्यायची, दट्ट्या ओढून रक्त येत नाही ना बघायचं आणि मग सावकाश औषध सोडायचं. हाड फार लवकर लागलं तर सुई पुढेच अडकली, लागलंच नाही तर फार मागे गेली, आणि तिथे औषध सोडलं तर ते लाळेच्या मोठ्या ग्रंथीत जाऊन चेहऱ्याची एक बाजू काही तास लुळी पडते, डोळा मिटत नाही, घरचे घाबरून जातात. अनुभवी डॉक्टरचंसुद्धा हे इंजेक्शन दरवेळी लागतंच असं नाही, पुस्तकात १५ ते २० टक्के वेळा फसतं असं लिहिलेलं असतं.

आता हे विद्यार्थी शिकतो कसं? पुस्तकातलं चित्र, सरांच्या खांद्यावरून बघितलेलं एकदोनदा, काही कॉलेजांत मुलं एकमेकांना टोचून बघतात, आणि मग थेट पेशंट. तो पेशंट कोण असतो? पैसेवाला माणूस कॉलेजच्या ओपीडीत जात नाही, तो जळगावला नाहीतर नाशिकला प्रायव्हेटला जातो. ओपीडीत येतो तो शिबिरातून आणलेला, एसटीने आलेला, मजुरी बुडवून आलेला. 'डाक्टरसाहेब, मना दात दुखी ऱ्हायना' एवढंच म्हणतो आणि तोंड उघडून बसतो. सुई एकदा चुकली, दुसऱ्यांदा टोचली, तिसऱ्यांदा सर आले, तोवर तो काही बोलत नाही, घामाने अंगातला सदरा भिजतो पण बोलत नाही. घरी जाऊन मात्र सगळ्या पाड्याला सांगतो. मग त्या पाड्यावरचे लोक दात दुखला तर तंबाखू दाबतील, लवंग दाबतील, भगताकडे जातील, गाल सुजून डोळा बंद व्हायची वेळ येईपर्यंत दवाखान्याची पायरी चढत नाहीत. माझ्याकडे असे पेशंट येतात, खुर्चीत बसायच्या आधीच हात धरतात, म्हणतात सुई नको. विचारलं की कळतं, कधीतरी कुठेतरी फुकटच्या शिबिरात तीन वेळा टोचलं होतं. मी त्या मुलांना दोष देत नाही, त्यांना शिकायला दुसरी जागाच दिली नाही आपण.

इथे एआर कामाला येतं. व्हीआर म्हणजे डोळ्यांवर डबा बांधून पूर्ण खोट्या दुनियेत जायचं, एआर तसं नाही, समोरची खरी वस्तू दिसत राहते आणि तिच्यावर जास्तीची माहिती चढवून दाखवतात. समजा टेबलावर इंजेक्शनच्या सरावाचं रबरी तोंड आहे, वर टॅबलेट स्टँडला लावलाय. टॅबलेटमधून बघितलं की गाल काचेसारखा पारदर्शक होतो, आतलं हाड दिसतं, पिवळी नस हाडात शिरताना दिसते, शेजारी लाल धमनी, आणि मुलाच्या हातातली सुई पुढे सरकताना तिचा मार्ग रेघेने दिसतो. आधी दोन-चार वेळा हे सगळं बघत टोचायचं, मग चित्र बंद करून आंधळं टोचायचं, आणि मग परत चित्र चालू करून बघायचं की सुई कुठे गेली होती. मला विचाराल तर यातला शेवटचा भागच सगळ्यात मोलाचा आहे, कारण पेशंटच्या तोंडात सुई चुकली तर ती का चुकली हे कोणालाच दिसत नाही, ना विद्यार्थ्याला ना सरांना, फक्त दुखतंय एवढं कळतं.

एक गोष्ट वाचनात आली होती ती सांगतो. चष्म्यातून चित्र दाखवायचं यंत्र अमेरिकेत इव्हान सदरलँडने १९६८ साली केलं होतं, पण ऑगमेंटेड रियालिटी हे नाव १९९० च्या सुमाराला बोइंग विमान कंपनीतल्या टॉम कॉडेलने दिलं आणि त्याचं कामच मुळी होतं विमानातल्या वायरी जोडणाऱ्या कामगारांसाठी, म्हणजे मोठमोठ्या पाट्यांवरचे नकाशे बघत बसण्यापेक्षा कुठली वायर कुठून न्यायची ते त्यांना हातातल्या कामावरच दिसावं. हाताने काम करणाऱ्या माणसासाठी निघालेली ही गोष्ट आहे, आणि आमचा धंदा तर सगळा हाताचाच, म्हणून मला वाटतं की ती आमच्याकडे शोभेल.

आता हात म्हटलं की दुसरी बाजू पण सांगायला पाहिजे. नुसतं डोळ्याला दिसून हात तयार होत नाही. एअरोटर मिनिटाला तीन-चार लाख फेरे फिरतं, दाताचं वरचं कवच म्हणजे इनॅमल कडक लागतं, त्याखालचं डेंटीन थोडं मऊ, किडलेला भाग अजून मऊ, हे बोटाला कळलं पाहिजे, आणि वरच्या दाढेचं काम तर आरशात बघून करायचं, आरशात उलटं दिसतं, हात डावीकडे न्यायचा तर उजवीकडे जातो, पहिले कित्येक दिवस मुलं रडकुंडीला येतात. यासाठी हातातल्या दांड्याला उलटा जोर देणारी यंत्रं आहेत, हॅप्टिक म्हणतात त्यांना. अ‍ॅमस्टरडॅमच्या डेंटल स्कूलमध्ये सिमोडॉन्ट नावाचं वापरतात, लंडनच्या किंग्ज कॉलेजनेही असा एक प्रकल्प केला होता. त्यात पडद्यावरचा दात पोखरताना हाताला खरा दात पोखरल्यासारखं लागतं, दहा वेळा बिघडवा, अकराव्या वेळी नवा दात, बरणी घेऊन फिरायची गरज नाही. पण ती यंत्रं फार महाग. म्हणून मी म्हणतो की बोटाची सवय फँटम हेडवरच करू द्या, ते जुनं असलं तरी चांगलं आहे, आणि जे डोळ्याला दिसत नाही तेवढ्यासाठी एआर वापरा. नस, मुळाची टोकं, सायनसची पोकळी, हाडाची जाडी. दोन्हींची गल्लत करू नका.

अजून एक, आणि हा मुद्दा मला बाहेरच्या कुठल्याच माहितीपत्रकात दिसला नाही. बाजारात मिळणारी सगळी मॉडेलं, सगळी सॉफ्टवेअरं, त्यातलं तोंड मस्त आ वासून उघडलेलं असतं. गुलाबी हिरड्या, पांढरे दात. आमच्या खुर्चीत असं तोंड येतं का हो? गुटखाबंदी महाराष्ट्रात २०१२ पासून आहे आणि गुटखा कुठल्या टपरीवर मिळत नाही ते सांगा, आमच्या भागाला तर मध्य प्रदेशची हद्द लागून आहे. विशीतली पोरं येतात, तोंडात तीन बोटं उभी जायला पाहिजेत तिथे दीड जातं. सबम्युकस फायब्रोसिस. गालाच्या आतली चामडी पांढरी, ताठ, पट्ट्यासारखी झालेली, तिखट लागलं की डोळ्यातून पाणी, घरात सगळे शेवभाजीवर ताव मारताहेत आणि हा दुधात पोळी कुस्करून खातोय. अशा तोंडात मघाशी सांगितलेलं इंजेक्शन द्यायचं तर अंगठाच आत जात नाही, सिरिंज समोरून आणता येत नाही, सगळे अंदाज बदलतात. त्यासाठी तोंड बंद असताना द्यायची वेगळी पद्धत आहे, पण ती पुस्तकात वाचून परीक्षेत लिहिली जाते, हाताने कोणी करून बघत नाही. माझ्या मते आपल्या कॉलेजांनी एआर घ्यायचं तर पहिलं मॉडेल हेच करून घ्यावं, वीस मिलिमीटरच उघडणारं तोंड, पांढरे पट्टे, मशेरीने काळे पडलेले दात, झिजून सपाट झालेल्या दाढा. रबरी तोंडाला बिजागरी घट्ट करून हे होतं, फार खर्च नाही.

आणि नुसतं इंजेक्शनच कशाला, त्याच मॉडेलच्या गालावर, जिभेच्या कडेला सुरुवातीच्या कॅन्सरच्या जखमा चढवून दाखवा ना. दोन आठवडे झाले तरी न भरणारी जखम, लालसर पांढरा चट्टा, खाली हात लावला तर कडक गाठ. आमच्या भागातून किती माणसं मुंबईला टाटाला जातात ते रेल्वेत बघा, आणि त्यातली बरीच उशिरा जातात, कारण आधी ज्याने तोंड बघितलं त्याला तो चट्टा ओळखता आला नाही किंवा त्याने जीभ बाजूला करून बघितलंच नाही. मुलांना एआरमधून पन्नास वेगवेगळी तोंडं बघायला मिळाली तर एकावन्नावं खरं तोंड ते नीट बघतील. नंदुरबार, धडगाव, अक्कलकुव्याकडे सिकलसेलचे, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे, पेशंट खूप, त्यांचा दात काढायच्या आधी काय विचारायचं, जंतुसंसर्ग आणि ताण का टाळायचा, हेही असं एखादा पेशंट उभा करून शिकवता येईल. पण ते पुढचं.

सर्जरीचं बोलायचं तर तिकडे हे तंत्र बरंच पुढे गेलंय. इम्प्लांट, म्हणजे नकली दातासाठी हाडात बसवायचा स्क्रू, बसवायचा असला की आधी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन, काढतात, कॉम्प्युटरवर इम्प्लांट कुठे, किती खोल ते ठरवतात, मग पेशंटच्या दातावर क्लिप बसवून तिला एक चौकड्यांचा मार्कर लावतात, ड्रिललाही मार्कर, आणि वरचा कॅमेरा दोन्हींवर नजर ठेवतो. स्क्रीनवर डॉक्टरला दिसतं की ड्रिल हाडात नक्की कुठे आहे आणि नस किती लांब आहे. याला डायनॅमिक नॅव्हिगेशन म्हणतात. नुसत्या हाताने करण्यापेक्षा हे जास्त अचूक असतं हे आता पुरेसं तपासून झालंय. एआर चष्म्याने फरक एवढाच होतो की मान वळवून स्क्रीनकडे बघावं लागत नाही, तेच चित्र पेशंटच्या तोंडावरच दिसतं. अक्कलदाढ नसेला चिकटलेली असते तेव्हा, जबड्याचा तुकडा काढून पायाच्या हाडाने जोडायचा असतो तेव्हा, याचा फायदा होणार हे उघड आहे.

पण इथेच मुलांना एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवली पाहिजे. नसेपासून २ मिलिमीटर अंतर राखा असा नियम आहे, आणि या यंत्राची स्वतःचीच चूक एक-दीड मिलिमीटर असू शकते. क्लिप जराशी सरकली, लाळेने ढिली झाली, पेशंटने जबडा हलवला तर स्क्रीनवर सगळं छान हिरवं दिसत राहील आणि ड्रिल प्रत्यक्षात दुसरीकडेच असेल. म्हणून जाणते लोक काय करतात, मधेमधे ड्रिलचं टोक एखाद्या दाताच्या टोकाला टेकवून बघतात की स्क्रीनवरही ते तिथेच दिसतंय का. साधी गोष्ट आहे, दहा सेकंदांची, पण ही सवय शिकतानाच लागली तर लागते. चष्म्यावर विश्वास ठेवायला शिकवणं सोपं आहे, त्याची उलटतपासणी करायला शिकवणं हे शिक्षकाचं काम. आणि पेशंटचा चेहरा बघायला पण, तो घामाघूम झालाय, डोळे फिरवतोय, हे कुठलंच सॉफ्टवेअर सांगत नाही.

आता पैशाचं. मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स २ हा चष्मा साडेतीन हजार डॉलरचा, म्हणजे आपले तीन लाखांच्या घरात, जगभरच्या मेडिकल कॉलेजांनी घेतला आणि २०२४ मध्ये कंपनीने तो बनवणंच बंद केलं. ज्यांनी सगळा अभ्यासक्रम त्या एका चष्म्यावर उभा केला त्यांनी आता काय करायचं? म्हणून आपल्या संस्थाचालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे की कंपनीचा माणूस येऊन डेमो देईल, सगळे वाहवा म्हणतील, लगेच सही करू नका. दरवर्षी लायसन्सचे पैसे किती, बिघडला तर दुरुस्तीला कुठे पाठवायचा, इंटरनेट नसेल तर चालतो का, आणि मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या वर असताना लाईट गेली, एसी बंद पडला तर त्या चष्म्याचं काय होतं, हे सगळं लिहून घ्या. नाहीतर नव्याचे नऊ दिवस आणि मग कपाटात कुलूप लावून ठेवणार, मुलांना हात लावू देणार नाहीत, फक्त इन्स्पेक्शनला बाहेर काढणार. हे मी बऱ्याच यंत्रांच्या बाबतीत बघितलंय म्हणून बोलतोय.

चष्म्याशिवाय पण होतं. आज बीडीएसच्या प्रत्येक मुलाकडे फोन आहे आणि साधारण बऱ्यापैकी अँड्रॉइड फोनमध्ये एआर चालतं. कागदावर छापलेला मार्कर टेबलावर ठेवला, फोन धरला, की जबडा उभा राहतो, फिरवून बघता येतो, दात काढून मुळं बघता येतात. ज्या मुलाला रात्री होस्टेलवर अ‍ॅनाटॉमी डोक्यात शिरत नाही त्याला एवढंसुद्धा पुष्कळ आहे. इंजेक्शनच्या सरावाला टॅबलेट आणि रबरी तोंड. एवढ्याने सुरुवात करा, महागडा चष्मा आणि नॅव्हिगेशन सगळ्यांनी मिळून एकाच ठिकाणी ठेवा.

आणि हे बनवणारे हात आपल्याकडेच आहेत. जळगावला बहिणाबाईंच्या नावाचं विद्यापीठ आहे, सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे, शिरपूरला इंजिनिअरिंगची मुलं आहेत, दरवर्षी शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट शोधत फिरतात आणि शेवटी कुठलं तरी अटेंडन्स अ‍ॅप करून मोकळे होतात. थ्रीडी स्लायसर नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात स्कॅन टाकला की हाड वेगळं, दात वेगळे, नस वेगळी काढता येते, त्याचं मॉडेल करून फोनवर चढवता येतं. धुळ्याच्या डेंटल कॉलेजातला एखादा ओरल सर्जन आणि इंजिनिअरिंगची चार पोरं एकत्र बसवा, सहा महिन्यांत कामाचं काहीतरी निघेल, आणि समजावून सांगणारा आवाज मराठीत टाका. आपल्याकडची कितीतरी मुलं मराठी माध्यमातून येतात, हुशार असतात पण पहिलं वर्ष नुसतं इंग्रजी समजून घेण्यात जातं. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाने, जे १९९८ साली झालं आणि ज्याला आपली सगळी कॉलेजं जोडलेली आहेत, अशा मॉडेलांचा एक सामायिक साठा केला तर प्रत्येक कॉलेजला वेगळा खर्च करावा लागणार नाही.

स्कॅन मात्र पेशंटला विचारूनच वापरायचे. सीबीसीटीमधून माणसाचा चेहरासुद्धा उभा करता येतो, म्हणजे नाव काढलं की झालं असं नाही, वरची चामडी पण काढून टाकावी लागते. डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ साली आलाय तो कॉलेजांसाठीही आहे. आणि शिकवायला पाहिजे म्हणून कोणाचा नवा स्कॅन काढायचा नाही, ते रेडिएशन आहे. उपचारासाठी काढलेले जुने स्कॅन हवे तेवढे आहेत, सही घ्या, नीट समजावून घ्या, पेशंटला ज्या भाषेत कळतं त्या भाषेत.

माझ्या ओळखीचे काही जुनेजाणते डॉक्टर म्हणतात की पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, आम्ही काय चष्मे लावून शिकलो का. त्यांचा मान राखून म्हणतो, तुम्ही शिकलात, हात सोन्याचे झाले, पण त्या शिकण्याची किंमत तुम्ही भरली नाही, समोर बसलेल्याने भरली. खरा पेशंट लागणारच आहे, ते कोणी नाकारत नाही. प्रश्न एवढाच की त्याच्याकडे जाण्याआधी मुलाने किती वेळा करून बघितलेलं असावं. पायलटला आधी सिम्युलेटरवर बसवतात आणि त्याला कोणी नावं ठेवत नाही.

कोणी म्हणेल याने खरंच फरक पडतो याचा पुरावा काय. रास्त प्रश्न आहे. एआरने मुलं उत्साहाने शिकतात, जागा लवकर लक्षात राहतात असे अभ्यास बरेच झालेत, पण बहुतेक एखाद्या कॉलेजातल्या थोड्या मुलांवर, आणि पेशंटला प्रत्यक्ष किती फायदा झाला हे मोजणारे कमी. मग आपणच मोजूया की. ओपीडीच्या रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवा, इंजेक्शन पहिल्यांदा लागलं की परत द्यावं लागलं. एक बॅच जुन्या पद्धतीने, एक बॅच टॅबलेटवर सराव करून. वर्षभरात आकडे समोर येतील आणि पैसे वाया गेले की कारणी लागले ते कळेल. फायदा दिसला नाही तर बंद करा, माझा काही हट्ट नाही. पण हा रकाना आजच्या घडीला कुठल्याही रजिस्टरमध्ये नाही याचं मला वाईट वाटतं. मुलाला ठरवून दिलेल्या कामांचा कोटा किती पूर्ण झाला, किती दात काढले, किती भरले हे सगळं लिहितात, त्या कोट्यासाठी मुलं स्वतःच्या खिशातून रिक्षाचे पैसे देऊन पेशंट आणतात, आणि दुखलं किती हे कोणी लिहीत नाही.

आमच्यासारख्या तालुक्याच्या डॉक्टरांचाही विचार व्हावा. रजिस्ट्रेशन टिकवायला सीडीईचे, म्हणजे पदवीनंतर चालू ठेवायच्या शिक्षणाचे, पॉइंट लागतात, त्यासाठी पुण्या-मुंबईला हॉटेलात दोन दिवस भाषणं ऐकायची, इम्प्लांट शिकायचा तर लाखाच्या वर फी, दवाखाना बंद, जाणंयेणं वेगळं. तेच जळगावला एक सामायिक लॅब असेल, दोन-चार फँटम हेड, एक नॅव्हिगेशन सेट, दोन टॅबलेट, शनिवार-रविवार आमच्यासाठी उघडी, तर चोपडा, यावल, रावेर, पारोळा, शहादा, तळोद्याचे डॉक्टर येऊन हात सुधारून जातील. जळगावजवळच्या चिंचोलीच्या मेडिकल हबचं एवढं बोललं जातं, तिथे एक खोली यासाठी ठेवा म्हणून आपल्या लोकप्रतिनिधींनी मागणी करावी. फार मोठी गोष्ट नाही ही.

माझ्याकडून जे होईल ते मी करायला तयार आहे. पेशंटची परवानगी घेऊन, ओळख काढून माझ्याकडचे स्कॅन देईन, शनिवारी दुपारी कोणी बोलावलं तर सबम्युकस फायब्रोसिसच्या तोंडात इंजेक्शन कसं द्यायचं ते मॉडेलवर शिकवायला येईन, मानधन नको. आणि संपादक साहेब, तुम्हाला एक विनंती, पुढच्या वेळी तुमचे वार्ताहर चष्म्याचा फोटो काढायला कुठल्या कॉलेजात गेले तर तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना एवढं जरूर विचारा की पेशंटला पहिलं इंजेक्शन देण्याआधी तुम्ही ते किती वेळा आणि कशावर करून बघितलं होतं, आणि ते उत्तर छापा.

आपला नियमित वाचक,
एक दातांचा डॉक्टर, चोपडा (जि. जळगाव)